पोरांसाठी कीबोर्ड घेताय? मग 'टच' म्हणजे काय ते दुकानात जायच्या आधी समजून घ्या

आमची लेक तिसरीत गेली तेव्हा तिला कीबोर्डचा क्लास लावला आणि त्याच आठवड्यात आम्ही ऑनलाइन एक कीबोर्ड मागवून मोकळे झालो. ६१ कीज, शेकडो आवाज, सोबत माइक, नोट्स ठेवायचा स्टँड, सगळं मिळून साडेचार हजार. नवरा खूश, मी खूश, पोरगी तर काय विचारूच नका. दीड महिन्याने सरांनी मला थांबवलं आणि हसत हसत म्हणाले, ताई, मुलगी हुशार आहे पण हिला मी "आता हळू वाजव" म्हटलं की ही व्हॉल्यूमचं बटण शोधते. मला तेव्हा काही कळलंच नाही, म्हटलं बरोबरच आहे की, हळू करायचं तर बटणच फिरवणार ना. मग त्यांनी क्लासच्या कीबोर्डवर एकच पट्टी आधी अलगद आणि मग जोरात दाबून दाखवली, पहिल्यांदा कुजबुजल्यासारखा आवाज आला, दुसऱ्यांदा दणदणीत. घरी येऊन आमच्या कीबोर्डवर तेच केलं तर अलगद दाबा नाहीतर बुक्की मारा, आवाज तोच. तो कीबोर्ड आता भाच्याकडे आहे, तो त्यावर गाड्या चालवतो.

तर त्यानंतर दुसरा घेताना जे काय शिकले ते सगळं इथे लिहितेय, म्हणजे तुमचे तरी साडेचार हजार वाचतील.

आधी हे टच प्रकरण काय आहे

याला टच रिस्पॉन्स म्हणतात, टच सेन्सिटिव्ह म्हणतात, काही ठिकाणी व्हेलॉसिटी सेन्सिटिव्ह असं लिहिलेलं असतं, तिन्हीचा अर्थ एकच. आतली करामत अगदी साधी आहे. अशा कीबोर्डात प्रत्येक पट्टीखाली रबराच्या छोट्या घुमटीत दोन कॉन्टॅक्ट असतात. पट्टी दाबली की आधी एक टेकतो मग दुसरा, आणि या दोघांमध्ये किती वेळ गेला ते मशीन मोजतं. जोरात मारलं की पट्टी झपकन खाली जाते, वेळ कमी लागतो, आवाज मोठा. हळू दाबलं की वेळ जास्त, आवाज बारीक. म्हणजे खरं तर ते तुमचा जोर मोजतच नाही, वेग मोजतं. मिडी म्हणून कीबोर्ड आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायची जी पद्धत १९८३ पासून चालत आलीय तिच्यात हा वेग १ ते १२७ अशा आकड्यात लिहिला जातो. स्वस्तातल्या कीबोर्डात पट्टीखाली एकच कॉन्टॅक्ट असतो, तो लागला की आवाज चालू, सुटला की बंद, दारावरच्या बेलसारखं. बेल तुम्ही प्रेमाने दाबा नाहीतर रागाने, वाजायची ती तेवढीच वाजणार.

हे एवढं महत्त्वाचं का, तर पियानो या नावातच ते आहे. १७०० च्या आसपास फ्लॉरेन्सला क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने जे वाद्य बनवलं त्याची ओळखच मुळी "हळू आणि मोठं वाजणारं" अशी होती, इटालियनमध्ये पियानो ए फोर्ते, त्यातला शेवटचा भाग गळून नुसतं पियानो राहिलं.

आता आपल्याकडे गंमत अशी की घराघरात आधी पेटी होती. माझे सासरे भजनी मंडळात पेटी वाजवतात, त्यांना मी हे टचचं सांगितलं तर ते म्हणाले, अगं बोटाने कधी आवाज कमी-जास्त होतो का, तो भात्याने होतो. आणि पेटीच्या बाबतीत त्यांचं शंभर टक्के खरं आहे! पेटीत पट्टी फक्त हवेचा रस्ता उघडते, जोर सगळा भात्यात. म्हणूनच आपल्या घरातल्या मोठ्या माणसांना, ज्यांना संगीत चांगलं कळतं त्यांनासुद्धा, टच नसलेल्या कीबोर्डात काही खोट दिसत नाही. त्यामुळे ते कितीही छान पेटी वाजवत असले तरी कीबोर्डच्या खरेदीत त्यांचा सल्ला एवढ्या एका मुद्द्यावर बाजूला ठेवा.

दुकानात "टच" म्हटलं की काय काय दाखवतात

मी एका दुकानात विचारलं, यात टच आहे का, तर त्या मुलाने "आहे ना मॅडम" म्हणून मला वरची बटणं दाखवली, ती मोबाइलसारखी बोट लावलं की चालणारी होती. दुसरीकडे पट्ट्यांमध्ये लागणारे लाइट दाखवले. लाइट लागणं म्हणजे कुठली पट्टी दाबायची ते दाखवणं, त्याचा टचशी काही संबंध नाही, काही मॉडेलमध्ये दोन्ही असतं ती गोष्ट वेगळी. तिसरा घोळ वेटेड कीज या शब्दाचा. वेटेड म्हणजे पट्टी खऱ्या पियानोसारखी जड, आत छोटी हातोडी असते, तो डिजिटल पियानोचा मामला आहे आणि तिथून किंमत एकदम दुप्पट-तिप्पट होते. टच रिस्पॉन्स असलेल्या साध्या कीबोर्डच्या पट्ट्या हलक्या स्प्रिंगच्याच असतात आणि सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांना त्या चालतात. म्हणून "टच आहे का" असं विचारूच नका. "हळू दाबल्यावर आवाज हळू येतो का, आणि येत असेल तर आत्ता दाखवा" असं विचारा.

पहिलं काम: क्लासच्या सरांना विचारा, नक्की काय शिकवणार?

हे आम्ही विचारलंच नव्हतं. कीबोर्ड शिकणं आणि पियानो शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रिनिटी (लंडनची एक संस्था, संगीताच्या ग्रेड परीक्षा घेते) हिच्या परीक्षेत इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हा विषय वेगळा आणि पियानो वेगळा, दोन्हीचे सिलॅबस वेगळे. कीबोर्डमध्ये डावा हात बराचसा कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे दोन-तीन सूर, धरतो आणि मागे मशीनचा ताल चालतो, त्याला स्टाइल म्हणतात. पियानोत दोन्ही हात सगळं स्वतःच वाजवतात. एबीआरएसएम ही अशीच दुसरी ब्रिटिश संस्था, तिची परीक्षा द्यायची असेल तर तिथे पियानोच आहे. कुठल्या ग्रेडला कसलं वाद्य चालतं ते सिलॅबसमध्ये लिहिलेलं असतं, सरांकडून ते पान मागून घ्या आणि स्वतः वाचा.

सर म्हणाले पियानोच, आणि पोरगं आधीच एखादं वर्ष टिकून आहे, तर मग मधला कीबोर्ड न घेता थेट ८८ कीजचा वेटेड डिजिटल पियानो बघा, यामाहा पी-१४५, कॅसिओ सीडीपी-एस११० असले. पण तो दहा-अकरा किलोचा धूड असतो, लांबी सव्वा मीटरच्या वर, आणि वन बीएचकेमध्ये तो ठेवायचा कुठे हा प्रश्न पैशांइतकाच मोठा आहे. आमच्याकडे तर तो आला असता तर कोणाला तरी बाल्कनीत झोपावं लागलं असतं. बाकी सर कीबोर्ड म्हणाले, किंवा "बघू हो, आधी रमू दे तिला" म्हणाले, तर ६१ कीज, पूर्ण आकाराच्या, टच रिस्पॉन्सवाल्या, बस. पुढचं सगळं याच गटासाठी आहे.

आणि पोराला जर हिंदुस्थानी शिकायचं असेल, पेटीच्या अंगाने, तर खरं सांगू, पेटीच घ्या.

पट्टीने पट्ट्या मोजा

ऑनलाइनचा सगळ्यात मोठा सापळा इथे आहे. ६१ कीज लिहिलेलं असतं आणि असतातही ६१, पण त्या असतात बारक्या. पूर्ण आकाराची पांढरी पट्टी साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद असते. ६१ कीजमध्ये पांढऱ्या ३६ येतात. गुणाकार केला तर नुसत्या पट्ट्यांनाच जवळजवळ ८५ सेंटिमीटर लागतात, वर दोन्ही बाजूंची बॉडी. म्हणून चांगल्या ६१ कीजवाल्या कीबोर्डची लांबी ९३-९५ सेंटिमीटरच्या घरात असते, कॅसिओचा सीटी-एस३०० हा ९३ चा आहे, यामाहाचा पीएसआर-ई३७३ साडेचौऱ्याण्णवचा. तर जाहिरातीत ६१ कीज आणि खाली मापात लांबी ६० नाहीतर ६५ सेंटिमीटर लिहिलेली दिसली की समजायचं, पट्ट्या बारक्या आहेत, खेळणं आहे. आम्ही घेतलेल्याचं माप तिथे लिहिलेलं होतं बरं का, मी वाचलंच नव्हतं.

दुकानात असाल तर पोराच्या कंपासमधली १५ सेंटिमीटरची पट्टी न्या. सा पासून नी पर्यंतच्या सात पांढऱ्या पट्ट्यांवर ती आडवी ठेवा. सात पट्ट्या मिळून १६.४-१६.५ सेंटिमीटर भरतात, म्हणजे कंपासपट्टीवरच्या १५ च्या खुणेपुढेही दीड सेंटिमीटर उरायला हवं. उरलं नाही तर पुढे काही बघूच नका.

लोक म्हणतात लहान मुलांची बोटं लहान, त्यांना लहान पट्ट्या बऱ्या. ऐकायला बरं वाटतं पण तसं नाहीये. हाताला अंतराची सवय लागते, इथून तिथपर्यंत जायचं तर किती सरकायचं ते बोटं पाठ करतात, आणि घरी एक अंतर, क्लासला दुसरं असं झालं की पोर दोन्हीकडे चुकतं. आमची क्लासला सारखी एक पट्टी अलीकडेच पडायची, आम्हाला वाटायचं लक्ष नाही.

आणि ४९ कीज घेतल्या तर? जागा अगदीच नसेल आणि सर हो म्हणाले तर वर्षभर निभेल. किमतीत मात्र एवढा फरक नसतो की त्यासाठी एक सप्तक सोडावं.

मॉडेलचे नंबर कसे वाचायचे

हे एकदा कळलं ना की अर्धं काम झालं. यामाहाच्या पीएसआर-ई मालिकेत नंबर २ ने सुरू होत असेल (ई२५३, ई२६३, ई२७३) तर टच रिस्पॉन्स नाही. ३ ने सुरू होत असेल (ई३५३, ई३६३, ई३७३, ई३८३) तर आहे. एका आकड्याचा फरक, दिसायला दोन्ही सारखेच, आणि सेल लागला की हमखास २ वालाच स्वस्तात दिसतो. पीएसआर-एफ५२ म्हणून त्याहून स्वस्त येतो, त्यातही टच नाही. भारतासाठी म्हणून काढलेला पीएसआर-आय५०० आहे, त्यात टच आहे आणि शिवाय तबला-तानपुरा, आपल्याकडची वाद्यं, रियाजासाठीची सोय वगैरे, ज्यांच्या घरात गाणंही चालतं त्यांना तो आवडतो, पैसे अर्थात जास्त.

कॅसिओत सीटी-एस१०० आणि सीटी-एस२०० मध्ये टच नाही, सीटी-एस३०० मध्ये आहे. एस२०० आणि एस३०० दिसायला जुळे भाऊ, वजनही तेच, सव्वातीन किलोच्या आसपास, दोघांनाही उचलायची मूठ, त्यामुळे बॉक्सवरचा नंबर नीट वाचा. एस३०० ला डाव्या बाजूला पिच बेंडचं चाक आहे, त्याने सूर ओढता येतो, मींडेचा आभास होतो थोडासा, पोरांना त्याचा भलताच नाद लागतो. त्याच्या वर सीटी-एक्स७००, त्यात टच आहे, आवाज जास्त भरीव आहे. जुन्यांमध्ये सीटीके-२००० च्या घरातले बिनटचचे आणि ३००० च्या घरातले, म्हणजे सीटीके-३२००, सीटीके-३५००, टचवाले.

किमती सारख्या हलतात म्हणून नेमका आकडा देत नाही, पण अंदाज म्हणून, बिनटचचे चांगल्या कंपनीचे आठ ते अकरा हजारांत फिरतात आणि टचवाले बारा-तेरा हजारांपासून सुरू होऊन अठराएक हजारांपर्यंत. म्हणजे मधला फरक तीन-चार हजारांचा आहे. बजेट आठच हजार असेल तर नवा बिनटचचा घेण्यापेक्षा जुना टचवाला घ्या, त्याबद्दल खाली लिहिलंय.

आवाज किती, स्टाइल किती या आकड्यांना भुलू नका हो. सीटी-एस३०० मध्ये ४०० आवाज आहेत, ई३७३ मध्ये ६२२. आमची लेक त्यातले पाच वापरते आणि त्यातला एक कुत्र्याच्या भुंकण्याचा. त्यापेक्षा पॉलिफोनी बघा, म्हणजे एका वेळी किती सूर वाजू शकतात. ३२ असेल तर चालून जातं, पण पेडल (पायाने दाबलं की सूर लांबवतं ते) दाबून वाजवायला लागलं आणि मागे स्टाइल चालू असली की आधीचे सूर मध्येच तुटतात. ४८ असेल तर बरं, वर सांगितलेल्या एस३०० आणि ई३७३ दोन्हीत ४८ आहे.

जाहिरातीवर विश्वास न ठेवता कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं स्पेसिफिकेशनचं पान उघडा, तिथे टच रिस्पॉन्स अशी ओळच असते. विकणारे लोक एका मॉडेलची माहिती दुसऱ्याखाली चिकटवतात, मी तीनदा बघितलंय.

दुकानात गेल्यावर

पोराला घेऊन जा आणि रविवारी संध्याकाळी जाऊ नका. दुपारी दुकान रिकामं असतं, माणूस दहा मिनिटं देतो. मुंबईत धोबी तलावला फुर्ताडोससारखी जुनी दुकानं आहेत, पुणे-नाशिक-नागपूरलाही वाद्यांची दुकानं आहेतच, घेणार ऑनलाइन असाल तरी एकदा हात लावून या.

गेल्यावर दुकानदार आधी डेमो लावेल. डेमो गाणं कुठल्याही कीबोर्डवर झकासच वाजतं, त्यात तुमचं पोर वाजवत नसतं. नम्रपणे बंद करायला सांगा. स्टाइल बंद, ताल बंद, पहिल्या नंबरचा पियानोचा आवाज लावा. हे महत्त्वाचं, कारण ऑर्गनसारख्या काही आवाजांवर टच मुद्दामच चालत नाही (खऱ्या ऑर्गनमध्येही बोटाच्या जोराने काही होत नाही) आणि मग तुम्ही चांगला कीबोर्ड नापास करून याल. व्हॉल्यूम मध्यावर ठेवा आणि त्याला हात लावू नका. मधली एक पट्टी घ्या, झोपलेल्या बाळाच्या गालाला हात लावतो तितक्या हळू दाबा, मग थोडं जास्त, मग अजून, असं पाच वेळा. पाचही आवाज वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत. चांगल्या कीबोर्डात नुसता आवाज मोठा होत नाही, त्याची जातही बदलते, हळू वाजवलं तर गोल-मऊ, जोरात वाजवलं तर धारदार. एकच आवाज येत असेल तर लगेच नाही म्हणू नका, कोणीतरी सेटिंगमध्ये टच बंद करून ठेवलेला असू शकतो, चालू करून दाखवा म्हणा. त्याला चालू करता आलं नाही तर मात्र पुढचं दुकान.

मग हेच पोराला करायला लावा. तुमचा हात जड, त्याचा हलका, फरक पडतो. सात वर्षांच्या मुलाच्या करंगळीने हळू दाबल्यावर सूर उमटतो का, की मुकाच राहतो, ते बघा.

नंतर एकच पट्टी दोन बोटांनी आलटून पालटून भरभर वाजवा, मध्ये सूर गळतात का ऐका. काळ्या पट्ट्या अगदी मागच्या टोकाला दाबून बघा, स्वस्तातल्या तिथे जाम कडक लागतात. आणि आवाज पूर्ण बंद करून नुसत्या पट्ट्या वाजवा, खटखट किती होते? रात्री हेडफोन लावून प्रॅक्टिस केली तरी ती खटखट शेजारच्या खोलीत झोपलेल्याला ऐकू येते, यावर आमच्या घरी दोन दिवस अबोला झालेला आहे.

मागची भोकं बघा. सस्टेन पेडलचं हवंच. यूएसबीचं असेल तर पुढे फोन नाहीतर लॅपटॉप जोडून शिकायचे अॅप वापरता येतात. हेडफोनचं भोक कुठल्या मापाचं ते विचारा, एस३०० ला मोबाइलचे साधे साडेतीन मिलिमीटरचे हेडफोन बसतात, ई३७३ ला जाड पिन लागते, म्हणजे पन्नास-शंभर रुपयांचं कन्व्हर्टर घ्यावं लागेल. अडॅप्टर बॉक्समध्ये आहे की वेगळा घ्यायचा? पक्कं बिल आणि वॉरंटी कार्डावर शिक्का.

जुना घ्यायचा असेल तर

मी स्वतः जुनाच घेतला, दोन वर्षं वापरलेला. मुलांनी शिकणं सोडलं की हे कीबोर्ड कपाटावर जातात आणि दहावीचं वर्ष आलं की विकायला निघतात, एप्रिल-मे मध्ये बघा, भरपूर असतात. फोटोवरून व्यवहार करू नका, जाऊन बघा, आणि सगळ्याच्या सगळ्या ६१ पट्ट्या एकेक करून हळू आणि जोरात वाजवा. पाच मिनिटं लागतात, समोरचा कंटाळला तरी चालेल. टचवाल्या कीबोर्डात आजार ओळखायची खूण अशी की रबराखालचा कॉन्टॅक्ट धुळीने किंवा ओलीने खराब झाला तर ती पट्टी मुकी होते, नाहीतर उलट, कशीही दाबली तरी एकटीच किंचाळते. बाकी सगळ्या शहाण्यासारख्या वाजतायत आणि एकच ओरडतेय, असं असेल तर उघडून साफ करावा लागेल. एक-दोन पट्ट्या असतील तर किंमत पाडून घ्या, सात-आठ असतील तर सोडा.

कोकणातला, किंवा समुद्राजवळच्या घरातला असेल तर बॅटरीचं झाकण उघडून आतल्या स्प्रिंगा बघा, गंजलेल्या असतील तर आतही ओल गेलेली असणार. हलवून बघा, आत काही खडखडतंय का. मी बघितलेल्या एकात मुंग्यांनी घर केलं होतं, मालकालाही माहीत नव्हतं बिचाऱ्याला.

अडॅप्टर मूळचाच आहे का ते तपासा. एस३०० ला साडेनऊ व्होल्टचा लागतो, ई३७३ ला बारा व्होल्टचा, पिन बसली म्हणजे चालतो असं अजिबात नाही. घरात पडलेला राउटरचा अडॅप्टर लावून बघू असले प्रयोग करू नका.

सोबत काय घ्यायचं, काय नाही

स्टँड घ्या, एक्स आकाराचा, शक्यतो डबल पाइपचा, सिंगलवाला मुलांनी टेकलं की डोलतो. पेडल लगेच नको, सर सांगतील तेव्हा घ्या, आणि घेतल्यावर ते उलटं चालायला लागलं, म्हणजे पाय उचलल्यावर सूर रेंगाळतोय, तर बिघडलेलं नाहीये. पेडलवर पाय न ठेवता कीबोर्ड बंद करून परत चालू करा, बरेच कीबोर्ड चालू होताना पेडलची दिशा ओळखतात, आणि काही पेडलना खाली छोटा स्विच असतो तो फिरवा. कव्हर मात्र पहिल्या दिवशीच घ्या, नसेल तर जुनी सुती ओढणी टाका, पावसाळ्यात आत सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या ठेवा. प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळून ठेवू नका, ओल आतच कोंडते.

घरी आणल्यावर, उंची

याकडे कोणी बघतच नाही. पोर बसल्यावर कोपर पट्ट्यांच्या पातळीला यायला हवं, खांदे वर चढलेले नकोत. स्टँड बहुतेक मोठ्यांच्या हिशोबाने लावलेला असतो, तो एक खाच खाली घ्या किंवा खुर्चीवर उशीऐवजी घडी घातलेली सतरंजी ठेवा, उशी दबते. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. हसू नका, पाय टेकले नाहीत की पोर हातांवर भार देतं आणि मग अलगद वाजवताच येत नाही, सगळा टच रिस्पॉन्स फुकट.

कीबोर्ड हॉलमध्ये, स्टँडवर, प्लग लावलेला असा ठेवा. दिवाणाखालच्या बॉक्समधून काढून वाजवायचा असेल तर आठवड्यात तो बॉक्समध्येच राहतो.

टचचं सेटिंग आणि पहिला महिना

ई३७३ सारख्यांत टचच्या चार पायऱ्या असतात, सॉफ्ट, मीडियम, हार्ड आणि फिक्स्ड. सॉफ्टचा अर्थ हळू आवाज असा नाही, तर हलक्या बोटालाही मोठा आवाज देतो. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी सॉफ्टवर ठेवा, बोटात बळ आलं, साधारण आठ-नऊ वर्षांच्या पुढे, की मीडियमवर आणा. फिक्स्ड म्हणजे टच बंद.

व्हॉल्यूमच्या नॉबवर नेलपॉलिशचा एक ठिपका लावा आणि सांगा की काटा इथेच राहील, आवाज कमी-जास्त करायचा तो बोटांनी. हे एक केलं नाही ना तर टचवाला कीबोर्ड घेऊनही मुलं व्हॉल्यूम पूर्ण वाढवतात, बोटं नुसती टेकवतात आणि सवय तीच राहते. आमच्या सरांनी पहिला महिना स्टाइलही बंद ठेवायला लावल्या होत्या, कारण मागे ढोल-ताशा चालू असला की कोण अलगद वाजवतंय.

खेळ म्हणून सोपं काही द्या. आम्ही मांजर-हत्ती खेळायचो. सा रे ग म प, पाच बोटं, मी मांजर म्हटलं की अलगद, हत्ती म्हटलं की जोरात. ते जमलं की सा मांजरीचा आणि प हत्तीचा, मधले तीन हळूहळू वाढत. मग उलटं. आणि सगळ्यात अवघड, उजवा हात हत्ती डावा मांजर, हे मला अजून जमत नाही. रोज पंधरा मिनिटं पुरतात, रविवारी एकदम दोन तास बसवण्यात काही अर्थ नाही.

घरात कोणी गाणारं असेल तर ट्रान्सपोजचं बटण शिकून घ्या. पोराला पांढरी एक पासूनच सा धरून वाजवायची सवय असते आणि आत्याला गायचं असतं काळी चारमध्ये, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून. ट्रान्सपोज चार घरं खाली केलं की पोर आपल्या त्याच ओळखीच्या पट्ट्या वाजवतं आणि सूर काळी चारचे येतात. नंतर शून्यावर आणायला विसरू नका, आमची एकदा क्लासच्या रेकॉर्डिंगला तशीच बसली होती.

आणि आजोबांना आरतीला हार्मोनियमचा आवाज लावून वाजवायचं असेल तर टच फिक्स्डवर टाका, नाहीतर पेटीची सवय असलेल्या बोटांनी एक सूर दणकतो आणि दुसरा गायब होतो. आमच्याकडे गणपतीत हेच झालं, सासरे म्हणाले कीबोर्ड बिघडलाय. आता कीबोर्डवर पोरीच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: आजोबा, वाजवून झालं की टच परत चालू करा.